थट्टेचा अभ्यास

८ ऑगस्ट, गुरुवार

औषध कंपनीची ही डायरी आमच्या लॅबमध्ये कोरीच पडून होती. अर्धं वर्ष निघून गेलेलं आहे, पण उरलेलं अर्धं मला पुरेल. हे गेल्यापासून संध्याकाळी कोणाशी बोलणं होत नाही. आधीही मी फार बोलत नसे. हे बोलत आणि मी ऐके, त्यातच बोलल्यासारखं होई.

आज सिकलसेलचे नमुने घेऊन गोंदियाला गेले. नेहमी शिपाई नेतो, तो रजेवर आहे. नमुने दिले, पोचपावती घेतली. देवरीच्या बसला वेळ होता म्हणून बाजारातून पायी निघाले. एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावरून आवाज येत होता. वाटलं पेटी आहे, पण पेटी नव्हती. स्वर लागला की लगेच आपोआप विरत होता, आणि तो विरायच्या आत दुसरा येत होता. कोणीतरी एक छोटंसं काही पुन्हा पुन्हा वाजवत होतं. पळापळीचं. अंगणात दोन पोरं एकमेकांना शिवायला धावतात, तसं.

मी जिन्याशी उभी राहिले. बस गेली.

घरी आल्यावर कळलं मला ते विचित्र का वाटलं. पेटीत हवा आहे तोवर स्वर आहे. हवा संपली की स्वर संपला. मी इतकी वर्षं ती हवाच सांभाळली. इथे हवा कोण देत होतं?

११ ऑगस्ट, रविवार

मंदाबाईंना सांगितलं, दवाखान्याच्या कामाने गोंदियाला जाते. मोठ्या जाऊ आहेत. घर एकच, मध्ये फक्त भिंत. खोटं सांगितलं, ते इथे लिहून ठेवते.

वर क्लास आहे. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीच्या, खुशीच्या वयाची. नाव दिव्या.

"बच्चे का एडमिशन है क्या, आंटी?"

"नाही. माझं."

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग हातांकडे. "बसा ना," म्हणाली. "पहले कुछ बजाया है?"

"पेटी. म्हणजे वाजवली नाही. हवा दिली."

"मतलब?"

मला सांगावं लागलं. ह्यांना लकवा झाला तेव्हा डावा हात गेला. उजवा चांगला होता. पेटी उजव्या हाताने वाजवतात, पण भाता डाव्याने मारावा लागतो. भजन बंद पडायला आलं. तेव्हा हे म्हणाले, रुख्मा, तू समोर बस आणि भाता मार. मी समोर बसले. खुशी शाळेत होती तेव्हापासून ते ह्या माघापर्यंत बसले.

दिव्याने मला पियानोपुढे बसवलं. विजेवरचा आहे, पण पट्ट्या खऱ्यासारख्या जड. "सा लावा, आणि वर जा."

सा सापडला. तिथून बोट डावीकडे गेलं.

"आंटी, उलटं. ते खाली चाललं."

मी म्हटलं, वर तिकडेच असतं. मग माझ्याच लक्षात आलं. ह्यांची बोटं वर जात ती त्यांच्या उजवीकडे, आणि मी समोर बसलेली, म्हणून माझ्या डावीकडे. मी सगळी पट्टी मागच्या बाजूने शिकले आहे. दिव्या हसली, मीही ओशाळले. मायक्रोस्कोपमध्ये असंच असतं, स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं. नव्या माणसाचा हात सुरुवातीला चुकतो आणि मग सुधारतो. माझ्या हाताला मात्र उलट्या चित्राचीच सवय होऊन बसली.

मी तिला म्हटलं, गुरुवारी जे वाजत होतं ते मला शिकायचं आहे.

"वो? वो तो स्टडी है. थोडं शिकून झालेल्या मुलांसाठी. तिथपर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागतात, आंटी. अन् डिसेंबरात माझं लग्न आहे. जबलपूर. क्लास बंद."

"मग डिसेंबरपर्यंत," मी म्हटलं.

असं मी कधी कोणाला म्हणत नाही. बसमध्ये विचार करत आले. मला एवढंच हवं आहे की एक गोष्ट पट्ट्यांच्या बाजूला बसून, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, माझ्या हाताने व्हावी. कोणाला ऐकवायची नाही. ही मुलगी गेली की आपल्याकडे दुसरं कोण शिकवणार, आणि मी तरी पुन्हा कधी जिना चढणार?

२५ ऑगस्ट, रविवार

दोन पानं आहेत. सगळ्यात वर एक शब्द लिहिलेला आहे, स्केर्त्सांदो. दिव्या म्हणाली, इटालियन आहे. "मतलब मजाक में." म्हणजे थट्टेने वाजवा.

अभ्यास म्हणून लिहिलेलं, आणि वरच सूचना की थट्टेने करा. आमच्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकात असं काही नव्हतं.

ठिपक्यांचं मला नवल वाटलं. ठिपका स्वराच्या डोक्यावर असेल तर स्वर तोडायचा. तोच ठिपका बाजूला असेल तर स्वर लांबवायचा. दिव्याला वाटलं मी गोंधळेन. पण हिवतापाच्या स्लाइडमध्ये मी दुसरं काय पाहते? ठिपका पेशीच्या बाहेर असेल तर तो रंगाचा कण. आत असेल तर माणूस आजारी.

२९ ऑगस्ट, गुरुवार

घरी सरावाला पियानो नाही, पेटी आहे. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले की भात्याला हात उरत नाही. म्हणून हवा न भरताच वाजवते. पट्टी खाली जाते, वर येते, लाकडाची टकटक होते. सूर नाही. दुसऱ्या पानावर वरचा स्वर पेटीच्या बाहेर जातो, तिथे चौकटीच्या लाकडावर बोट मारते. आठवडाभर टकटक ऐकायची आणि त्या टकटकीत काय होतं ते रविवारी कळायचं. मला हे आवडायला लागलं आहे. स्लाइड रंगवून वाळत ठेवल्यासारखं.

आज मंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळपासून टकटक काय करून राहिली? सुपारी फोडून राहिली का?"

"पेटीच्या पट्ट्या साफ करते, बाई."

"रोज?"

"ओल धरतात."

"मंग भाता मारून काऊन नाही पाहात? सूर तर निघू दे."

"नको," मी म्हटलं.

त्यांनी वेगळंच समजून पदर डोळ्यांना लावला. "देवमाणूस होता बाप्पा," म्हणाल्या आणि माझ्यासाठी भाजी ठेवून गेल्या. मी भाजी खाल्ली.

८ सप्टेंबर, रविवार

उजव्या हाताचं पहिलं पान येतं. डाव्याचं अडखळत. दोन्ही एकत्र येत नाहीत.

दिव्या म्हणाली, "आंटी, ये हाथ क्या कर रहा है?"

मी पाहिलं. जिथे उजव्या हाताला काही वाजवायचं नसतं तिथे तो पट्ट्यांवरून उचलून हवेत पुढे-मागे होत होता.

"हवा भरतोय," मी म्हटलं.

"पियानोला हवा नाही लागत."

"मला माहीत आहे. हाताला माहीत नाही."

ती हसून खुर्चीवरून पडायला आली. शेजारी एक छोटी मुलगी वाट पाहत बसली होती, तीही हात हवेत हलवून हसायला लागली.

क्लास संपल्यावर मी एक पट्टी दाबून धरली आणि स्वर संपेपर्यंत ऐकत बसले. बराच वेळ पुरतो. जोर दिला तरी वाढत नाही, बोट हलवलं तरी वाढत नाही. एकदा वाजला की पुढे तुमचं त्यात काही चालत नाही. मी पुन्हा दाबली आणि पुन्हा ऐकली. दिव्या दिवे बंद करत होती. म्हणाली, "अब जाने दो ना, आंटी." तिला उशीर होत होता.

२२ सप्टेंबर, रविवार

आज काहीच जमलं नाही. ती छोटी मुलगी माझ्यानंतर बसली आणि पहिलं पान घडाघडा वाजवून मोकळी झाली. मला हेवा वाटला. ह्या वयात दुसरी-तिसरीतल्या पोरीचा हेवा वाटणं बरं नाही, पण वाटला.

बसमध्ये एकदा मनात आलं, आता पुरे. आमगाव गेलं, तरी मांडीवर बोटं चालूच होती.

६ ऑक्टोबर, रविवार

आज मजेशीर झालं. दुसऱ्या पानावर डावा हात उजव्यावरून उडी मारून पलीकडे जातो, सगळ्यात वरचा स्वर वाजवतो आणि परत येतो. दिव्या म्हणाली, सगळी मुलं इथेच अडकतात, महिना जातो. तिने करून दाखवलं. मी केलं. आलं.

"फिर से."

पुन्हा आलं.

"कैसे, आंटी?"

मला सांगता येईना. डाव्या हाताने वरचे स्वर वाजवायचे यात मला चुकीचं काही वाटतच नाही. वरचे स्वर माझ्या डावीकडेच होते. बाकीच्यांसाठी ती उडी आहे, माझ्यासाठी जुनी जागा.

मात्र उडी मारून परत आल्यावर पुढचा स्वर कुठल्या बाजूला आहे ते मला आठवेना. दिव्या म्हणाली, तुम्ही कठीण ते सोपं करता आणि सोपं ते कठीण.

दिवसभर बरं वाटलं. घरी सांगायला कोणी नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

गोंदियाहून आले तर कैलाशभाऊ ओसरीवर बसलेले. भजनात तबला वाजवतात, ह्यांचे शाळेपासूनचे सोबती. मंदाबाईंनी चहा दिला होता.

"वहिनी, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, त्या रातीले भजन ठेवलं आहे. पेटी पाहिजे होती. देवानंद वाजवते आता."

"देते."

"अन् तुमी पण पाहिजे."

"माझं काय काम?"

"हवा माराले. देवानंदचे दोन्ही हात चालतात, पण पेटी ओरडते बाप्पा. भाऊच्या हातात नव्हती ओरडत. मी म्हटलं, भाऊचा हातच तसा होता. तर देवानंदच म्हणे, हात नाही, हवा."

मंदाबाई आतून म्हणाल्या, "वर्ष नाही झालं अजून. रुख्मा कशी येईन भजनात?"

"बसाले काय होते, वहिनी? तुमच्याबिगर तर भाऊ पेटीले हात नव्हता लावत. हात सुधरल्यावर मीच म्हटलं त्याले, दवाखान्यातून थकून येते ते, कायले बसवून राहिला, आता तूच मार ना भाता. तर म्हणे, चूप राह्य. रुख्मा उठून जाईन समोरून."

मी विचारलं, "हात सुधारल्यावर म्हणजे?"

कैलाशभाऊंचा चहा संपला होता, तरी त्यांनी कप तोंडाला लावला.

"म्हणजे थोडाबहुत. धानाचं पोतं धरू लागला होता ना माझ्यासंगं."

"कधी?"

"लय झाले वर्षं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. पेटी विसरून गेले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शर्टाची वरची गुंडी. गोंदियाहून आणलेली पिशवी, डाव्या हातात. विहिरीवर एकदा मांजरीचं पिल्लू काढलं, दोन्ही हातांनी.

मी हे सगळं पाहिलेलं आहे. माझ्या मनाने त्याची नोंद घेतली नाही, कारण निदान आधीच झालेलं होतं. लॅबमध्ये अशी चूक केली असती तर मला नोटीस मिळाली असती.

२३ ऑक्टोबर, बुधवार

राग आला आहे असं वाटतं. नीट कळत नाही.

ह्यांना मी समोर हवी होते. सरळ सांगितलं असतं तरी मी बसले असते. थकून आले असते तरी बसले असते. पण हात बरा आहे हे मला माहीत असतं, तर मी एखाद्या दिवशी म्हटलं असतं की आज जागा बदलून पाहू, तुम्ही भाता मारा. त्यांनी मारला असता. नाही म्हणाले नसते, मला माहीत आहे. हसले असते.

ते राहून गेलं. एका माणसाने न सांगितल्यामुळे आणि दुसऱ्याने न विचारल्यामुळे.

आज स्वयंपाक केला नाही. मंदाबाईंनी भिंतीवर थाप मारून बोलावलं, तिकडे जेवले.

२७ ऑक्टोबर, रविवार

गोंदियाला गेले नाही. देवानंद आला, त्याला पेटी दिली. त्याने उचलली तेव्हा भाता थोडा उघडला आणि कुठलीतरी पट्टी अडकली असावी, एक बारीक सूर निघत गेला तो गेटपर्यंत.

३० ऑक्टोबर, बुधवार

पेटी नाही, म्हणून लॅबच्या टेबलाच्या कडेवर बोटं चालवते. नवी आलेली टेक्निशियन पोरगी म्हणाली, "मॅडम, टायपिंगची परीक्षा देऊन राहिल्या का?"

"हो," मी म्हटलं.

"ह्या वयात?"

"स्पीड कमी पडतो."

ती विचार करत बसली. थट्टा करणं इतकं अवघड नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मंडई झाली. आम्ही दोघी गेलो नाही. भजन जवळच होतं, ओसरीतून ऐकू येत होतं.

देवानंद चांगला वाजवतो. पेटी ओरडत नव्हती, कैलाशभाऊ वाढवून सांगतात. पण भाता चुकीच्या जागी भरतो. गाणारा श्वास घेतो तिथे भाताही भरून घ्यायचा असतो, म्हणजे पुढच्या ओळीला दोघांजवळ पुरेसं असतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी गाणाऱ्याच्या छातीकडे पाहून करत असे.

मंदाबाईंनी अचानक माझा उजवा हात धरला. तो मांडीवर पुढे-मागे होत होता.

"थांबव आता त्याले," म्हणाल्या. भजन संपेपर्यंत हात सोडला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन्ही पानं, दोन्ही हात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हळू, पण चूक नाही. मला वाटलं झालं.

दिव्याने डोकं हलवलं. "सब सही है, आंटी. पण मजाक नाही आहे. तुम्ही रिपोर्ट देऊन राहिल्या. हिमोग्लोबिन इतकं, प्लेटलेट इतक्या."

मी विचारलं, मजाक कुठे आहे ते दाखव.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे सगळं जोरात येतं आणि एकदम थांबतं. मग रिकामी जागा आहे. मग अगदी हळू दोन स्वर, आणि संपलं. "ही जागा तुम्ही खाऊन टाकता. थांबतच नाही. लोकांना वाटलं पाहिजे की संपलं. टाळ्या वाजवायला हात उचलले पाहिजेत. तेव्हा हळूच ते दोन."

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा घाई झाली.

"काऊन घाबरता, आंटी? तिथे काही नाही आहे."

मी विचार करून तिला सांगितलं. भात्यावर बसणाऱ्याचं काम एकच असतं, आवाज तुटू द्यायचा नाही. भजन चालू असताना पेटी गप्प झाली तर सगळे मागे वळून पाहतात, आणि चूक वाजवणाऱ्याची नसते, माझी असते. इथे मुद्दाम तोडायला सांगतात.

तिने शेवटच्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, "तो फिर तोड़ो ना, आंटी. इथे कोणी पाहत नाही."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी परत आली आहे. टकटक सुरू. पण रिकामी जागा टकटकीवर शिकता येत नाही. आवाज नसलेल्या पेटीवर थांबलं काय आणि वाजवलं काय, सारखंच.

एकदा उजव्या हाताने सूर वाजवून डाव्याने भाता मारून पाहिला, सगळे मारतात तसा. पट्ट्यांच्या बाजूने, पहिल्यांदाच. हात पुरला. नुसता सा धरला. मग भाता सोडून दिला आणि सूर खाली बसत गेला तो ऐकला.

पलीकडे मंदाबाईंची भांडी घासणं थांबलं होतं. मग पुन्हा सुरू झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या रविवारी शेवटचा क्लास. दिव्याच्या हातावर मेंदीचा नमुना काढून पाहिलेला होता. म्हणाली, पियानो जबलपूरला जाणार, सासरी खोली तयार आहे.

आज पाचदा-सहादा वाजवलं. प्रत्येक वेळी शेवटी घाई. एकदा थांबले तर इतकी थांबले की पुढचे दोन स्वर कुठले तेच विसरले. दिव्या हसली, पण ती त्यातली थट्टा नव्हे.

घरी आले तर मंदाबाई म्हणाल्या, गोंदियाला रविवारी डोळ्यांचं शिबिर आहे, मोतीबिंदू पाहतात. "तू तर जातेच दर रविवारी. मले ने."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. आता क्लासला जाता येईल असं वाटत नाही.

१ डिसेंबर, रविवार

सगळं आठवतं तोवर लिहून काढते.

शिबिरात मंदाबाईंच्या डोळ्यांत औषध टाकलं. आता दोन-तीन तास धूसर दिसेल, म्हणाले. त्यांचा हात धरून बाहेर आले. बसस्टँडकडे वळायचं होतं तिथे वळले नाही. कापडाच्या दुकानापाशी आले आणि म्हटलं, "बाई, इथे वर माझं थोडं काम आहे."

"दवाखान्याचं?"

"नाही."

"माहीत आहे मले. दवाखान्याची लॅब रविवारी बंद राहते. हे तर गायीलेबी माहीत आहे."

मी जिन्यावर थांबले. "मग विचारलं काऊन नाही?"

"विचारलं असतं तर गेली असती का तू?" त्या म्हणाल्या. "चाल. पायरी दाखव."

वर दिव्याने त्यांना नमस्कार केला आणि प्लास्टिकची खुर्ची दिली. खोली रिकामी झालेली होती, पियानो आणि दोन खुर्च्या एवढंच उरलं होतं. मंदाबाईंनी चाचपून पाहिलं. "हे काय आहे? पेटी?"

"पेटीसारखंच."

"हवा कोण मारते?"

"याला हवा लागत नाही, बाई."

"मंग मी काय करू?"

"बसा. ऐका."

त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं आता म्हणतील, वर्ष झालं नाही, लोक काय म्हणतील. त्या फक्त म्हणाल्या, "बस किती वाजता आहे?"

"आहे वेळ."

मी सुरू केलं. पहिलं पान नीट झालं. एका जागी डावा हात मागे पडला, पण दिव्याने पायाने ठेका धरला आणि तो पोचला. मंदाबाई म्हणाल्या, "कोंबड्या सुटल्यावानी वाटते." मध्ये बोलतात म्हणून मी घाबरले नाही, उलट बरं वाटलं. भजनात लोक बोलतच असतात. दुसऱ्या पानावर डावा हात उडून पलीकडे गेला, आला, पुन्हा गेला. मग सगळं जोरात आलं आणि मी थांबले.

मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. उजवा हात हलला नाही. मी वाट पाहत होते, कशाची ते माहीत नव्हतं.

मंदाबाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "झालं? चांगलं आहे. चाल मंग, बस जाईन."

तेव्हा मी ते दोन स्वर वाजवले.

त्या तिथेच उभ्या राहिल्या, धूसर डोळ्यांनी आवाजाकडे तोंड करून. दिव्या ओढणी तोंडात कोंबून बसली होती. मंदाबाईंना थोडा वेळ लागला.

"हे मले फसवलं का?"

"तुम्हालाच नाही, बाई. सगळ्यांनाच फसवतात. लिहिलेलं आहे तसं."

"लिहिलेलं आहे?"

"हो. थट्टेनं वाजवा म्हणून."

त्या हसायला लागल्या. मंदाबाई हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. माघापासून मी ते पाहिलं नव्हतं. पिशवी खाली ठेवली, खुर्ची पायाने चाचपली, बसल्या.

"पुन्हा वाजव," म्हणाल्या. "आता नाही फसत मी."

"बस जाईल."

"जाऊ दे बसले. दुसरी येईन. वाजव तू."

मी पुन्हा वाजवलं. ह्या वेळी पहिल्या पानावर एक चूक झाली आणि दुसऱ्यावर दोन, पण थांबले नाही. शेवटी सगळं जोरात आलं आणि हात उचलले. मंदाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, काही बोलायचं नाही म्हणून. पुढचे दोन स्वर कुठले ते आता त्यांना माहीत होतं. त्यासाठी त्या खुर्चीवर पुढे झुकून बसल्या होत्या.

मी आणखी थोडं थांबले.